शिडाच्या छोट्या होडीला नवी आउटबोर्ड मोटार: उजनीवर होडी ठेवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करमाळा, माढा, इंदापूर आणि खुद्द सोलापूर शहरातून हे प्रश्न येत राहतात. उजनी धरणाच्या पाण्यावर शिडाच्या होड्या मोजक्याच, पण प्रत्येक होडीमागे एक दमलेली आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून अडकवायची मोटार, आणि तिच्याबद्दल चार जणांची पाच मतं असतात. इथली उत्तरं १४ ते २० फुटी होड्यांपुरती आहेत. मासेमारीच्या किंवा प्रवासी होडीचं गणित वेगळं, त्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

शीड आहे, वारा आहे, मग मोटार हवीच कशाला?

मे महिन्यात सकाळी दहा वाजता उजनीच्या मधोमध वारा पडला की याचं उत्तर आपोआप मिळतं. पाणी आरशासारखं, वर ऊन आणि काठ तीन किलोमीटरवर. १४ फुटी हलकी होडी वल्ह्यांनी ओढून आणता येते. पाचशे-सहाशे किलोच्या होडीत वल्ही मारून हात सोलून निघतात. उलट वारा एकाएकी वाढला आणि शीड उतरवावं लागलं, तर होडीचं तोंड लाटेकडे धरून ठेवायलाही मोटारच कामाला येते. शिडाच्या होडीवरची मोटार वेगासाठी नसतेच. ती काठाला लागण्यासाठी असते, आणि खालची सगळी उत्तरं याच हिशेबाने दिली आहेत.

जुनी मोटार दुरुस्त करू की बदलूच?

आधी तीन गोष्टी पाहा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) किती आहे, गिअरचं ऑईल दुधाळ झालंय का, आणि त्या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात का. कॉम्प्रेशन ठीक असेल तर न सुरू होणारी मोटार बहुतेकदा कार्ब्युरेटरच्या सफाईने, नव्या प्लगने आणि नव्या पेट्रोल नळीने जिवंत होते. ती फेकू नका. गिअर ऑईल दुधाळ असेल तर पाणी आत शिरतंय. सील बदलून भागतं, पण त्याच पाण्यावर दोन-तीन हंगाम गेले असतील तर बेअरिंग आणि गिअर खाल्ले गेले असणार.

खरी अडचण सुट्या भागांची. जॉन्सन हे नाव २००७ मध्ये बंद झालं आणि इव्हिनरूडचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं. अशी मोटार वारशात मिळाली असेल तर ती चालते तोवर चालवा, पण तिच्यात मोठा पैसा घालू नका.

किती एचपी घेऊ? दुकानदार ९.९ म्हणतोय.

दुकानदार म्हणणारच. शिडाच्या होडीच्या तळाची घडण अशी असते की ती पाणी कापत जाते, पाण्यावर चढून पळत नाही. अशा होडीचा कमाल वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं, उत्तर नॉटमध्ये येतं. पाण्यात १६ फूट लांबी असेल तर ५.४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १० किलोमीटर. तिथवर जायला लागते त्याहून जास्त ताकद लावली की होडी पळत नाही, मागून बसते आणि पेट्रोल पिते.

ताकदीचा अंदाज माणसं आणि सामान धरून टनाला ४ एचपी असा करतात. म्हणजे ७०० किलोला जेमतेम ३ एचपी. पण हा हिशेब शांत पाण्याचा. उजनीचा पसारा मोठा, समोरून वारा आला की लाट आखूड आणि उभी येते. म्हणून मी दुप्पट धरतो. १६ ते १८ फुटी होडीला ५ किंवा ६ एचपी, २० फुटी जड होडीला ८. १४ फुटी होडीला २.५ ते ३.५ पुरतात, त्याचं वेगळं उत्तर खाली आहे.

एक गंमत लक्षात ठेवा. बऱ्याच कंपन्यांच्या ४, ५ आणि ६ एचपीच्या फोर-स्ट्रोक मोटारी म्हणजे एकच १२३ सीसीचं इंजिन असतं, वजनही तेच, २५-२६ किलोच्या आसपास. त्यामुळे ४ घेऊन वजन वाचत नाही. ६ वरून ८-९.९ वर गेलात की मात्र वजन एकदम ४० किलोच्या घरात जातं.

शाफ्ट शॉर्ट घ्यायचा की लाँग?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. एचपी चुकली तर होडी थोडी हळू जाते. शाफ्ट चुकला तर होडी जातच नाही.

शाफ्ट म्हणजे इंजिनापासून खाली पाणी लोटणाऱ्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा. तो साधारण तीन मापांत येतो: शॉर्ट १५ इंच, लाँग २० इंच, एक्स्ट्रा लाँग २५ इंच. इंजिनबोटीसाठी नियम असा की मोटार बसते त्या फळीच्या वरच्या काठापासून तळापर्यंत माप घ्यायचं, आणि पंख्याच्या वरची आडवी प्लेट तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली आली पाहिजे. शिडाच्या होडीला एवढं पुरत नाही. तिचा मागचा भाग वर उचललेला असतो, मोटार बहुधा वरखाली होणाऱ्या ब्रॅकेटवर लटकते आणि लाटेत होडी पुढेमागे झुलते. म्हणून ब्रॅकेट पूर्ण खाली करून, होडीत नेहमीची माणसं बसवून मापा. ती प्लेट पाण्याच्या पातळीखाली किमान ४ ते ६ इंच हवी.

मग एक परीक्षा घ्या. मोटार मध्यम रेसवर ठेवा आणि एका माणसाला शीड उतरवायला डोलकाठीपाशी पाठवा. पुढे वजन गेलं की मागची बाजू वर येते. त्या क्षणी मोटारीचा आवाज एकदम चिरका होऊन रेस चढली आणि मागे पांढरा फेस उठला, तर पंखा हवा ओढतोय. शांत पाण्यात हे झालं तर उभ्या लाटेत दर दुसऱ्या लाटेला होणार, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला ताकद हवी असणार. १६ फुटांच्या वरच्या बहुतेक शिडाच्या होड्यांना २० इंच लागतो, उंच ब्रॅकेट असेल तर २५. शॉर्ट शाफ्टची मोटार स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका. शाफ्ट लांब करायचं किट काही मॉडेलना मिळतं, पण त्याचा खर्च आणि खटपट पाहता सुरुवातीलाच योग्य माप घेतलेलं बरं.

पंखा बदलण्याने खरंच फरक पडतो?

पडतो. इतका पडतो की एचपी वाढवण्याआधी पंखा बदलून पाहा असं मी सगळ्यांना सांगतो. पंख्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदोपत्री किती इंच पुढे जाईल. ६ एचपीची मोटार ५,५०० आरपीएमवर आहे, गिअर २.१५ ला १ आहे आणि पंखा ८ पिचचा आहे असं धरा. हिशेबाने तो पंखा ताशी ३१ किलोमीटर जायला पाहतोय, आणि होडी १० च्या वर जाऊच शकत नाही. मधला सगळा फरक पाणी घुसळण्यात जातो आणि इंजिन दबून चालतं. ६ पिचचा पंखा लावला की इंजिन मोकळं फिरतं, रेटा वाढतो आणि रिव्हर्सलाही होडी ऐकते.

बरोबर पंखा कोणता ते आरपीएमवर ठरवा. पूर्ण थ्रॉटलला मोटार पुस्तकात दिलेल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाजवळ गेली पाहिजे. प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा आरपीएम मीटर मिळतो, तो फार महाग नसतो. नवी मोटार घेताना ‘हाय थ्रस्ट’ किंवा शिडाच्या होडीसाठीचं मॉडेल आहे का ते विचारा. त्यात लाँग शाफ्ट, कमी पिच आणि बॅटरी चार्जिंगची कॉइल बहुधा एकत्र मिळते.

टू-स्ट्रोक हलकी आणि सोपी असते, मग तीच का नको?

हलकी असते, खरं आहे. आडवी कशीही टाकून नेता येते, कुठलाही मेकॅनिक उघडू शकतो. पण जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकमधून २० ते ३० टक्के इंधन न जळताच बाहेर पडतं, आणि आउटबोर्डचा धूर पाण्यातच सुटतो. सोलापूरच्या नळाला उजनीचं पाणी येतं. आपण पितो त्यातच ऑईल सोडायचं का, हा प्रश्न मला तरी महत्त्वाचा वाटतो. शिवाय फोर-स्ट्रोक कमी रेसवर शांत चालते, आणि हिवाळ्यात करमाळ्याच्या बाजूला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरलेले असताना हा फरक चांगलाच जाणवतो.

टू-स्ट्रोक आधीच असेल तर ऑईलचं प्रमाण त्या मॉडेलचंच ठेवा, बऱ्याच मोटारींना ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. आणि गाडीचं टू-टी ऑईल घालू नका. ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनसाठी असतं. आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑईल लागतं.

पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. मोटार खराब होईल का?

आपल्या जिल्ह्यात कारखान्यांच्या डिस्टिलरी इतक्या आहेत, की आपलाच ऊस फिरून आपल्याच कार्ब्युरेटरमध्ये येतो म्हणायला हरकत नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आउटबोर्डच्या पुस्तकांत मात्र बहुतेक १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. घेण्याआधी त्या मॉडेलचं पुस्तक मागून हे पान वाचाच.

रोज चालणाऱ्या मोटारसायकलला जो त्रास जाणवत नाही तो होडीला होतो, कारण होडी उभी राहते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि पेट्रोलची नळी तळातूनच ओढते. पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गेलात की श्रावणात मोटार सुरू होत नाही, त्यामागे हे असतं.

उपाय साधे आहेत. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच पेट्रोल भरा. टाकीनंतर पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा. काठाला येताना पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटर रिकामा होईस्तोवर मोटार चालू ठेवा. जुन्या रबरी नळ्या आणि हातपंपाचा फुगा इथेनॉलने मऊ पडून आतून सुटतात, ते बदला. शिल्लक पेट्रोल गाडीत घालून संपवा, मात्र त्यात टू-स्ट्रोकचं ऑईल मिसळलेलं नसावं.

इलेक्ट्रिक मोटार घेतली तर?

घेण्यासारखी आहे, पण कोणासाठी ते पाहा. १ किलोवॉटची मोटार साधारण ३ एचपीच्या पेट्रोल मोटारीसारखा रेटा देते. तिच्या सव्वा किलोवॉट-तासाच्या बॅटरीवर पूर्ण वेगात सव्वा तास मिळतो, निम्म्या वेगात कितीतरी जास्त. काठाजवळ फिरणाऱ्या, पक्षी पाहणाऱ्या हलक्या होडीला ती उत्तम. आवाज नाही, ऑईल नाही, वर इथेनॉलचा प्रश्नच नाही.

अडचण दोन ठिकाणी येते. काठावर चार्जिंग नसतं, म्हणजे बॅटरी घरी न्यायची. आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे गेल्यावर उन्हात तापलेल्या होडीत किंवा बंद गाडीत लिथियम बॅटरी ठेवणं, तशीच चार्ज करणं तिच्या आयुष्याला घातक. सावलीत गार होऊ द्या, मग लावा. १८ फुटांच्या वरच्या होडीला, समोरच्या वाऱ्यात तीन-चार किलोमीटर यायचं असेल तर आज तरी मी पेट्रोलच सांगेन.

जलपर्णी आणि जाळ्यांचं काय करायचं?

दोन वेगळे त्रास आहेत. जलपर्णी आणि शेवाळ मोटारीची पाणी ओढायची जाळी बंद करतात, मग इंजिन तापतं. मोटारीच्या मागून पाण्याची बारीक धार येते, तिच्याकडे डोळा ठेवा. धार बारीक झाली की लगेच बंद करा, मोटार वर उचला, जाळी साफ करा. आत पाणी खेचणारा रबरी इंपेलर गढूळ पाण्यात लवकर झिजतो. नव्या मोटारीबरोबरच एक जादा इंपेलर घेऊन ठेवा. पाण्याने नव्हे तर हवेने थंड होणारी २.३ एचपीची होंडा मिळते. तिला हा सगळा प्रकारच नाही, मात्र आवाज मोठा आहे.

जाळ्यांचा त्रास जास्त फसवा. चिलापी माशाच्या जाळ्याची नायलॉनची तार पंख्यात आली की आपण दिसेल तेवढी कापतो आणि निघतो. उरलेली दोन-तीन वेढे तार पंख्यामागे शाफ्टवर राहते, घट्ट होत जाते आणि सील कापते. पुढे गिअर ऑईल दुधाळ. म्हणून घरी आल्यावर पिन काढून पंखा उतरवाच. आणि पाण्यावर प्लास्टिकच्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की वळसा घाला. खाली कुणाचं तरी पोट आहे.

उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मोटार दगडाला लागते. मजबूत मोटार कोणती?

दगडापुढे कुठलीच मजबूत नाही. ११७ टीएमसीच्या उजनीत ६३ टीएमसीच्या वर मृतसाठाच आहे, आणि धरण ‘मायनस’मध्ये गेलं की बुडालेल्या गावांच्या भिंती, बांध, विहिरींचे काठ पाण्याखाली हात-दोन हातांवर येतात. पळसदेवचं देऊळ उघडं पडतं तेव्हा आजूबाजूला आणखी काय काय वर आलं असेल याचा अंदाज करा.

मोटार घेताना शिअर पिन किंवा रबरी हबचा पंखा आहे का पाहा. धक्का बसला की पिन तुटते आणि गिअर वाचतो. दोन जादा पिना आणि पक्कड होडीतच ठेवा. पुढे जाताना टिल्ट लॉक (मोटार वर उचलू न देणारी खिटी) मोकळं असू द्या, म्हणजे मोटार लागल्यावर स्वतःहून वर उचलली जाईल. रिव्हर्सला मात्र ते लागलेलं हवं, नाहीतर मोटार पाण्याबाहेर येते.

आपण समुद्रसपाटीपासून इतके वर. ताकद कमी होते का?

होते. धरण भरलं की पाणी सुमारे ४९७ मीटर उंचीवर असतं. दर ३०० मीटरला ३ टक्के धरा, म्हणजे ५ टक्के गेले. उन्हाळ्यातली तापलेली हवा विरळ, ती आणखी पाचएक टक्के खाते. ६ एचपीची मोटार मे महिन्यात साडेपाचच्याही खाली. वर दुप्पट एचपी धरायला सांगितलं त्यात हे बसतं, वेगळं वाढवू नका. पिच थोडी कमी ठेवली की काम होतं.

२.५ एचपीची छोटी मोटार १४ फुटी होडीला चालेल ना?

चालेल, आणि १७-१८ किलोची असल्याने एका हाताने उचलता येईल. पण तिला रिव्हर्स नसतो, पूर्ण मोटारच उलटी फिरवायची. आतली टाकी लिटरभराची, म्हणजे पाण्याच्या मध्यावर, हलत्या होडीत पेट्रोल ओतायची वेळ येणार. निघताना टाकी भरूनच निघा. बॅटरी चार्जिंगही बहुधा मिळत नाही.

जुनी मोटार कोकणातून आणतोय. काय पाहू?

थंड मोटार सुरू करून दाखवायला सांगा. आधीच गरम करून ठेवली असेल तर थांबा, चहा घ्या, गार होऊ द्या. दोन सिलिंडरची असेल तर दोन्हींच्या कॉम्प्रेशनमध्ये १५ टक्क्यांहून जास्त फरक नको. गिअरचा खालचा स्क्रू सैल करून ऑईल पाहा. पंखा हाताने फिरवा, शाफ्ट डुलतोय का बघा. खाऱ्या पाण्यातली मोटार आहे, त्यामुळे क्लॅम्पचे स्क्रू आणि टिल्टची नळी गंजून जाम झालीय का ते आवर्जून पाहा. बोल्टवरचा रंग ताजा असेल तर तो का मारला ते विचारा. आणि मालकीचा कागद, सिरियल नंबर जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरी आणल्यावर झिंकचा अॅनोड (मोटारीऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) काढून गोड्या पाण्यासाठीचा मॅग्नेशियमचा किंवा दोन्हींकडे चालणारा अॅल्युमिनियमचा लावा. गोड्या पाण्यात झिंकवर थर बसतो आणि तो कामच करत नाही. उलट उजनीची होडी सुट्टीत रत्नागिरीला नेणार असाल तर मॅग्नेशियम काढा, खाऱ्या पाण्यात ते भराभर झिजतं. परतल्यावर गोड्या पाण्याने आतून धुवा.

सोलापुरात सर्व्हिस कोण करणार?

बरंचसं तुम्हीच. आउटबोर्डचे विक्रेते किनाऱ्याकडे असतात, म्हणून सुट्या भागांचा संच मोटारीबरोबरच मागवा: इंपेलर, प्लग, शिअर पिना, फिल्टर, गिअर ऑईलच्या स्क्रूचे वॉशर. फोर-स्ट्रोकला लागणारं १०डब्ल्यू-३० ऑईल शहरात कुठेही मिळतं, ग्रेड पुस्तकाशी ताडून घ्या. कार्ब्युरेटर आणि प्लगपुरता मोटारसायकलचा चांगला मेकॅनिक पुरतो. गिअरकेस मात्र त्याच्याकडे उघडायला देऊ नका.

मोटार सुरू करून पाहायला पिंपात पाणी भरा, पाण्याविना एक मिनिटही नको. आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो हे खरं, पण ते पाणी झाडांना जाणार नाही. त्यात ऑईल उतरतं.

मोटार लावली की परवाना लागतो का?

लागतो असंच धरून चाला. अंतर्देशीय नौकांचा २०२१ चा कायदा १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आला. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या नौकेची नोंदणी आणि तपासणी त्यात आहे. महाराष्ट्रात हे काम मेरीटाईम बोर्डाकडे येतं. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं, त्यामुळे त्यांच्याकडेही विचारा. मोटार बदलल्यावर जुन्या कागदावरचा इंजिन नंबरही बदलून घ्यावा लागतो, हे बरेच जण विसरतात.

मोठी मोटार असेल तर वादळाच्या आधी काठ गाठता येईल, असं नाही का?

नाही. कमाल वेगाचं गणित वर दिलंय, १५ एचपी लावली तरी ते बदलत नाही. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा जीव गेला. वळवाचे ढग दिसले की निघायचंच नाही. निघाला असाल तर जवळचा काठ, मग तो कुठलाही असो. लाइफ जॅकेट अंगात, होडीच्या तळाशी नव्हे. आणि मोटारीची किल कॉर्ड मनगटाला. माणूस पाण्यात पडला की इंजिन बंद पडायला हवं.

हीच मोटार अधूनमधून मित्राच्या मासेमारीच्या होडीला लावली तर?

मागची फळी बुटकी असेल तर तुमचा लाँग शाफ्ट तिथे खूप खाली जाईल आणि गाळात रुतेल, दगडाला लागेल. पंखाही कमी पिचचा, त्यामुळे हलक्या होडीवर इंजिन मर्यादेबाहेर फिरेल. त्याला जास्त पिचचा दुसरा पंखा आणि फळीवर लाकडी ठोकळा लागेल. एवढं करायची तयारी असेल तर द्या. माणसं वाहण्यासाठी मात्र देऊ नका. प्रवासी होडीचे नियम आणि विमा दोन्ही वेगळे आहेत, आणि कागदावर मोटारीचा नंबर तुमच्या नावावर असतो.